खिडकी सरकवणारा शेजारी



नवे घर आशीर्वादित करायला गेले की घरची मंडळी हौसेने सगळे दाखवतात. दर्शनी खोली, स्वयंपाकघर, वेदीची जागा, वरची गॅलरी. एखादी खिडकी मात्र अशी असते की तिच्याविषयी कोणी काही बोलत नाही. ती भिंतीच्या मधोमध नसते. कोपऱ्यात सरकलेली असते, किंवा इतकी उंच असते की तिच्यातून फक्त आभाळ दिसावे. पाहुणे हसतात आणि म्हणतात, "गवंडी झोपेत होता की काय?"

आज मला अशा आडबाजूच्या खिडक्यांविषयी लिहायचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण घराच्या चार भिंतींत खिडकी ही अशी जागा आहे, जिथे माझा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क समोरासमोर येतात. दार मी उघडले तरच दुसरा आत येतो. नजरेला मात्र दार आडवे येत नाही. मला उजेड हवा, वारा हवा, हे खरे. त्याच खिडकीतून शेजाऱ्याचे अंगण, त्याची मोरी, त्याच्या घरातले भांडण मला दिसते, हेही खरे. मग खिडकी कुठे असावी, हा केवळ गवंड्याचा प्रश्न राहत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

चेटकिणीची खिडकी

अमेरिकेच्या ईशान्येला व्हर्मांट नावाचे डोंगराळ, बर्फाचे राज्य आहे. तिथल्या जुन्या शेतघरांवर एक चमत्कारिक खिडकी दिसते. ती सरळ उभी नसते. सुमारे ४५ अंशांत कलती बसवलेली असते. लोक तिला 'चेटकिणीची खिडकी' म्हणतात. झाडूवर बसून उडणाऱ्या चेटकिणीला तिरप्या खिडकीतून आत शिरता येत नाही, म्हणून ती तशी ठेवली, अशी दंतकथा. तिचे दुसरे नाव 'शवपेटीची खिडकी'. अरुंद जिन्यावरून शवपेटी खाली आणता येत नाही, म्हणून ती या खिडकीतून काढत, अशी दुसरी दंतकथा.

खरे कारण अगदी साधे आहे. मूळ घराच्या बाजूला एखादी खोली जोडली की तिचे छप्पर मूळ घराच्या त्रिकोणी भिंतीला येऊन टेकते. वरच्या खोलीच्या खिडकीसाठी उरते ती दोन छपरांमधली अरुंद, तिरपी पट्टी. सरळ खिडकी तिथे मावत नाही. वेगळ्या मापाची खिडकी करून घ्यायला किंवा छप्पर फोडून खिडकी काढायला पैसे लागतात. मग शेतकऱ्याने नेहमीच्या मापाचीच खिडकी घेतली आणि छपराच्या उतारानुसार तिरपी करून बसवली. वर निजणाऱ्यांना उजेड आणि वारा मिळाला. घर शोभिवंत दिसते की नाही, हा विचार त्याने मागे ठेवला.

बाहेरून पाहणाऱ्याला तिथे चेटकीण दिसली. आत राहणाऱ्याला उजेड मिळाला. आपण माणसांविषयीही असेच करतो. अमुक बाई कोणाच्या लग्नाला जात नाही, अमुक माणूस मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जातो, अमुक घराची मागची खिडकी कायम बंद असते. आपल्याला कारण ठाऊक नसते, पण गोष्ट तयार असते. संत थॉमस अक्वायनस यांनी अशा उतावळ्या निवाड्याविषयी फार समंजस विचार मांडला आहे. शंका असेल तिथे शेजाऱ्याच्या कृतीचा चांगला अर्थ लावावा, असे ते म्हणतात. वाईट माणसाला चांगला समजून अनेकदा फसलो तरी ते परवडते. पण चांगल्या माणसाला वाईट ठरवून क्वचित जरी फसलो, तरी त्यात एका निरपराध माणसावर अन्याय होतो.

तेव्हा पहिला धडा असा, की विचित्र खिडकी दिसली तर हसण्याआधी विचारावे, ही कोणासाठी काढली असेल?

बुजवलेली खिडकी

पण प्रत्येक विचित्र खिडकीमागे घरच्यांची काळजीच असते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. इंग्लंडमधल्या जुन्या घरांवर अशा खिडक्या दिसतात की चौकट आहे, वरची कमान आहे, पण काचेच्या जागी विटा. त्यांतल्या काही बांधतानाच आंधळ्या ठेवलेल्या असतात. आतून खिडकीची गरज नव्हती, पण बाहेरून घर दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे म्हणून. बाकीच्या अनेक खिडक्या मात्र कराच्या भीतीने बुजवलेल्या आहेत.

इंग्लंडमध्ये राजा तिसरा विल्यम याच्या काळात, १६९६ साली, खिडक्यांवर कर बसला. प्रत्येक घराला २ शिलिंग, आणि १० ते २० खिडक्या असतील तर त्यावर आणखी ४ शिलिंग. कल्पना वरवर न्याय्य होती. श्रीमंताच्या घराला खिडक्या जास्त, म्हणून त्याने कर जास्त द्यावा. शिवाय मोजणाऱ्याला घरात शिरावे लागत नव्हते, रस्त्यावरूनच मोजता येत होते. पण अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात यातली खोट दाखवली. खेड्यातल्या १० पौंड भाड्याच्या घराला लंडनमधल्या ५०० पौंड भाड्याच्या घरापेक्षा जास्त खिडक्या असू शकतात. म्हणजे गरिबावर बोजा अधिक.

याहून वाईट गोष्ट शहरांत घडली. अनेक गरीब बिऱ्हाडे एकाच इमारतीत दाटीवाटीने राहत. कर आकारताना ती सगळी इमारत एकच घर धरली जाई आणि कर मालकावर येई. मग मालक खिडक्या बुजवून टाकी. कर त्याचा वाचला. ओलसर, कोंदट खोलीत खोकत बसले ते भाडेकरू. शेवटी आरोग्यासाठी झगडणाऱ्या लोकांनी आवाज उठवला आणि १८५१ साली हा कर रद्द झाला. फ्रान्समध्येही दारे-खिडक्यांवर असाच कर १७९८ साली बसला आणि तो १९२६ पर्यंत टिकला. व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझराब्ल' या १८६२ सालच्या कादंबरीत मिरिएल नावाचे एक साधे, दयाळू बिशप आहेत. आपल्या प्रवचनात ते याच कराविषयी बोलतात. हवा देवाने फुकट दिली आणि कायदा ती विकत घ्यायला लावतो, याचे त्यांना दुःख आहे. ज्यांच्या घराला एक दार आणि एकच खिडकी आहे, आणि ज्यांना तीही नाही, त्यांची आठवण ते श्रोत्यांना करून देतात.

येथे एक कसोटी आपल्या हाती लागते. खिडकी हलवली किंवा बुजवली, एवढ्यावरून कृती चांगली की वाईट हे ठरत नाही. अंधार कोणाच्या वाट्याला आला, हे पाहावे लागते. व्हर्मांटच्या शेतकऱ्याने आपल्या घराचे रूप बिघडवून घरच्यांना उजेड दिला. शहरातल्या मालकाने आपले पैसे वाचवून दुसऱ्याला अंधार दिला.

अंगणातला नियम

आता तिसऱ्या प्रकारच्या खिडकीकडे येऊ. ही शेजाऱ्यासाठी बाजूला सरकलेली खिडकी.

प्रभू येशूने ज्या गावात आपल्या कार्याचा बराच काळ घालवला, त्या कफर्णहूमचे अवशेष फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १९६८ पासून उत्खनन करून उजेडात आणले. तिथली साधी घरे काळ्या दगडाची होती. अनेक लहान खोल्या एका समाईक अंगणाभोवती दाटीने बांधलेल्या. स्वयंपाक, दळण, मुलांचे खेळ, सगळे त्या अंगणात. खोल्या आतून अंधाऱ्या. हरवलेले नाणे शोधणाऱ्या स्त्रीला दिवा लावावा लागला, असे प्रभूने सांगितले (लूक १५), ते अशा घरांकडे पाहिले की चटकन समजते.

अशा अंगणात राहणाऱ्या लोकांना खिडकीचा प्रश्न रोजच पडत असणार. यहुदी धर्मगुरूंची जुनी शिकवण 'मिश्ना' या ग्रंथात इ. स. २०० च्या सुमारास एकत्र केली गेली. तिच्यात याविषयी स्पष्ट नियम आहेत. समाईक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर दार काढू नये, खिडकीसमोर खिडकी काढू नये. लहान खिडकी असेल तर मोठी करू नये. एक असेल तर दोन करू नयेत. सार्वजनिक रस्त्याकडे मात्र हवी तशी खिडकी काढावी, कारण रस्त्यावरून जाणारे-येणारे तसेही पाहतच असतात. आणखी एक नियम आहे. शेजाऱ्याच्या खिडकीजवळ भिंत बांधायची असेल तर वर, खाली आणि समोर ४ हात अंतर सोडावे. समोर अंतर कशासाठी? त्याचा उजेड अडू नये म्हणून. वर आणि खाली कशासाठी? भिंतीवरून वाकून किंवा भिंतीवर उभे राहून कोणी आत डोकावू नये म्हणून. शेजाऱ्याला उजेड मिळावा आणि त्याची अब्रूही राहावी, अशा दोन्ही बाजू त्या ४ हातांत सांभाळल्या आहेत.

पुढच्या काळातल्या धर्मगुरूंनी या शिकवणीला एक नाव दिले. त्याचा अर्थ होतो 'नजरेने होणारी इजा'. गणना या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात बलाम इस्राएलच्या छावणीला शाप द्यायला येतो आणि तंबू पाहून आशीर्वाद देऊन जातो. त्याला त्या तंबूंत एवढे काय सुंदर दिसले? तंबूंची दारे एकमेकांसमोर नव्हती, असे उत्तर तालमूद या ग्रंथात दिले आहे. वाळवंटातले ते साधे कापडी तंबू. पण प्रत्येकाने आपले दार किंचित वळवून लावले होते, आणि शाप द्यायला आलेल्या माणसाच्या तोंडी आशीर्वाद आला तो ते पाहून, असे त्या धर्मगुरूंना वाटले.

पडदा कोणी ओढायचा?

आपल्या देशातही ही जाणीव जुनी आहे. १८८२ सालच्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात दोन गोष्टी आहेत. एखाद्या घराला २० वर्षे अखंडपणे, हक्काने, एखाद्या बाजूने उजेड आणि वारा मिळत असेल, तर शेजाऱ्याने तो बंद करू नये. आणि एखाद्या गावाची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घरातला जो भाग सहसा परक्याच्या नजरेला पडत नाही, तिथे दिसेल अशी नवी खिडकी कोणी काढू नये. कायद्यात हे उदाहरणच दिले आहे. १८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयानेही एका खटल्यात त्या प्रांतातली अशी रूढी मान्य केली. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी माणसाचे खासगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. शब्द नवे असतील. पण वाडीतल्या आजीबाईने "त्यांच्या अंगणात तोंड करून खिडकी काढू नकोस रे बाबा" असे सांगितले, तेव्हा ती हेच सांगत होती.

लंडनमधला एक अलीकडचा खटला मला फार विचार करायला लावतो. तिथल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने २०१६ साली आपल्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चारही बाजूंनी शहर पाहायला गॅलरी उघडली. दरवर्षी लाखो लोक तिथे येऊ लागले. शेजारच्या इमारतीतल्या काही घरांच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या होत्या. पाहुणे त्या घरांत टक लावून पाहत, फोटो काढत आणि ते इंटरनेटवर टाकत. रहिवासी न्यायालयात गेले. २०१९ साली पहिल्या न्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. काचेच्या घरात राहायचे तुम्हीच निवडले, पडदे लावू शकता, असे त्यांचे म्हणणे पडले. वरच्या न्यायालयातही रहिवासी हरले. शेवटी १ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. घराकडे अशी सतत, लाखोंच्या संख्येने नजर लावली जाते तेव्हा तो उपद्रव आहे, आणि ज्याला उपद्रव होतो त्यानेच पडदे ओढून बसावे हे बरोबर नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पडदा कोणी ओढायचा? हा प्रश्न काचेच्या महागड्या घरांपुरता नाही. आपल्याकडे मुलगी खिडकीत उभी राहिली तर तिलाच आत बोलावतात. समोरच्या नाक्यावर बसून टक लावणाऱ्या मुलाला कोणी उठवत नाही. बाईने ओट्यावर बसू नये, बाईने वळचणीला कपडे वाळत घालू नयेत, बाईने पडदा लावावा. सगळे पडदे तिनेच ओढायचे. परिणाम असा की बघणारा उजेडात बसतो आणि जिच्याकडे बघितले जाते ती अंधारात. शहरातल्या त्या मालकाचाच हा न्याय झाला. मोकळीक एकाची, कोंदट हवा दुसऱ्याला.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने याचा निकाल लावून टाकला आहे (मत्तय ५). वाईट नजरेविषयी बोलताना तो स्त्रीला पडदा घ्यायला सांगत नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्याविषयी बोलतो, आणि इतक्या कठोर शब्दांत बोलतो की आपण दचकतो. दोष जिथे आहे तिथेच बंदोबस्त करा, असे त्याचे म्हणणे आहे. पाहणाऱ्याने आपली नजर सरकवावी.

नजरेने काय जाते?

कोणी म्हणेल, "फादर, नुसते बघितल्याने कोणाचे काय जाते? काही चोरले का? काही मोडले का?" प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात आम्हाला ज्याँ-पॉल सार्त्र हा फ्रेंच विचारवंत शिकवला जाई. तो देव मानत नसे. पण १९४३ सालच्या त्याच्या ग्रंथातले एक उदाहरण कोणत्याही ख्रिस्ती माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. एक माणूस दाराच्या कुलपाच्या भोकातून आत डोकावतो आहे. तो पाहण्यात पूर्ण गुंग आहे. इतक्यात मागे पावले वाजतात. कोणीतरी आपल्याला पाहते आहे हे कळताच तो शरमेने कोलमडतो. क्षणापूर्वी आतली माणसे त्याच्यासाठी वस्तू होती. आता तो स्वतः दुसऱ्याच्या नजरेत वस्तू झाला.

बघण्याने काय जाते, याचे उत्तर यात आहे. माणूस एकटा असतो तेव्हा तो सैलावलेला असतो. रडतो, पुटपुटतो, फाटका बनियन घालून बसतो, देवाशी भांडतो. या अवस्थेत तो स्वतःला कोणाला दाखवायचे हे स्वतः ठरवतो. परकी नजर आत आली की हा निर्णय त्याच्या हातून जातो. वस्तू चोरीला जात नाही. माणसाचे स्वतःवरचे धनीपण जाते. दानिएलच्या पुस्तकात (अध्याय ६) दानिएल येरुशलेमकडच्या खिडक्या उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. त्याने त्या खिडक्या देवासाठी उघडल्या होत्या. शत्रूंनी त्याला तसे प्रार्थना करताना गाठले आणि सिंहांच्या गुहेपर्यंत पोहोचवले. पवित्र कृतीवरही वाईट नजर पडली की तिचे हत्यार होते.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर देवाची रीत दिसते. आदाम आणि हव्वा यांना आपल्या उघडेपणाची लाज वाटली. त्यांनी पाप केले होते, तरीही देवाने स्वतः त्यांना कातड्याची वस्त्रे करून घातली (उत्पत्ती ३). शिक्षा दिली, पण उघडे सोडले नाही. पुढे नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. हाम या मुलाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, उलट्या पावलांनी आत गेले आणि तोंड फिरवून बापाला झाकले (उत्पत्ती ९). नोहाची चूक होतीच. ती तिन्ही मुलांना कळली होती. फरक एवढाच की एकाने तिची बातमी केली आणि दोघांनी तिच्यावर वस्त्र घातले.

खिडकी सरकवणे म्हणजे हे उलट्या पावलांनी चालणे.

सरकवा, बुजवू नका

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका आहे. "बरे तर, आम्ही कोणाकडे बघतच नाही. ज्याचे त्याने पाहावे." आजच्या बिल्डिंगांत हेच घडू लागले आहे. दोन दारे समोरासमोर, पण पलीकडची म्हातारी आजारी आहे हे कोणाला माहीत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस (अध्याय १६) लाजराला मारत नाही, हाकलत नाही. लाजर दारात पडलेला असतो आणि श्रीमंताच्या जेवणघराला जणू त्या बाजूला खिडकीच नसते. नजरेने इजा होते तशी नजर न टाकल्यानेही होते.

मग पाहायचे की नाही? संत थॉमस यांनी 'कुतूहल' या दोषाविषयी लिहिताना याचा उलगडा केला आहे. शेजाऱ्याच्या भल्यासाठी किंवा स्वतः काही चांगले शिकण्यासाठी त्याच्या वागण्याकडे लक्ष देणे प्रशंसनीय आहे. त्याला तुच्छ लेखण्यासाठी, त्याची निंदा करण्यासाठी किंवा उगाच अस्वस्थ करण्यासाठी पाहणे हा दोष आहे. डोळा तोच आहे, अंतःकरण वेगळे. यरीहोच्या रस्त्यावर याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांनीही जखमी माणसाला पाहिले (लूक १०). पाहून जो जवळ गेला तो शेजारी ठरला.

मिश्नातला नियम पुन्हा आठवा. शेजाऱ्याच्या खासगी अंगणाकडे खिडकी नको, रस्त्याकडे हवी. ज्या बाजूने त्याची गरज दिसते ती खिडकी उघडी असू द्या. ज्या बाजूने त्याची फक्त लाज दिसते ती खिडकी सरकवा. उजेड दोन्हीकडे पोहोचतो.

आपल्या वाडीत

आता हे आपल्या घरी आणू या. समजा, बापाचे घर दोन भावांत वाटले गेले. मधे भिंत उठली. धाकट्याच्या वाट्याला आलेल्या खोलीला खिडकीच राहिली नाही. एकच बाजू मोकळी, आणि ती थोरल्याच्या मोरीकडे उघडते. धाकटा म्हणतो, मला उजेड हवा. थोरला म्हणतो, माझ्या बायकोने आंघोळ कुठे करायची? दोघांचेही म्हणणे खरे आहे. अशी भांडणे कोर्टात गेली की वर्षानुवर्षे चालतात, आणि एका मिस्साला दोघे भाऊ चर्चच्या दोन टोकांना बसतात. पण खिडकी डोक्याच्या वर काढता येते. जाळीदार विटा बसवता येतात. मोरीला आडोसा करता येतो आणि त्याचा खर्च दोघांना वाटून घेता येतो. गवंड्यापाशी उपाय असतात. अडते ते "मीच का सरकवू?" या एका वाक्यापाशी.

या वाक्याला शुभवर्तमानाचे उत्तर काय? प्रेमाने आधी स्वतःची खिडकी सरकवावी, एवढे निश्चित. पण हे उत्तर नेहमी दुबळ्याच्याच गळ्यात घालू नये. ज्याच्याकडे चार खिडक्या आहेत त्याने एक सरकवणे हा त्याग आहे. ज्याच्याकडे एकच आहे त्याला "तू ख्रिस्ती आहेस, तू बुजव" असे सांगणे हा अन्याय आहे, मग तो कितीही भक्तिभावाने सांगितला तरी. मध्यस्थी करणाऱ्या पंचांनी, सोसायटीच्या कमिटीने आणि आम्हा धर्मगुरूंनीही हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि आता भिंतीत न काढलेल्या खिडक्याही आल्या आहेत. घराच्या राखणीसाठी सीसीटीव्ही लावणे रास्त आहे. पण तो आपल्या फाटकाकडे वळवला आहे की शेजाऱ्याच्या ओट्याकडे? मोबाइल ही तर खिशातली खिडकी. दारू पिऊन पडलेल्या माणसाचा व्हिडिओ कोणी काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो, तेव्हा तो हामचेच काम करत असतो. तो व्हिडिओ आपल्याकडे येऊन थांबला, पुढे गेला नाही, आणि आपण त्या माणसाला उठवून घरी पोहोचवले, तर शेम आणि याफेथ यांचे वस्त्र आपल्या खांद्यावर आहे. घरातही एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकावण्याची सवय वाढते आहे. आईवडिलांनी लहान मुलांवर लक्ष ठेवलेच पाहिजे. नवऱ्याने बायकोवर किंवा सासूने सुनेवर पाळत ठेवणे मात्र लक्ष ठेवण्यात बसत नाही.

माझी एक विनंती आहे. या आठवड्यात आपल्या घराच्या प्रत्येक खिडकीशी क्षणभर उभे राहा. इथून मला कोण दिसते? ज्याला मी पाहतो त्याला हे कळले तर त्याला बरे वाटेल की लाज वाटेल? आणि जो मला दिसायला हवा, तो कोणत्या बुजलेल्या खिडकीमागे राहिला आहे? घर बांधणार असाल किंवा दुरुस्त करणार असाल, तर नकाशा पक्का करण्याआधी एकदा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभे राहा आणि आपल्या भिंतीकडे तिथून पाहा. त्याला विचारा, "इथे खिडकी काढली तर तुम्हाला चालेल का?" चहाच्या एका कपाचा खर्च आहे, पण पुढची वीस वर्षे वाचतात.

त्यामुळे तुमची खिडकी कदाचित मधोमध येणार नाही. पाहुणे हसतील. हसू द्या. ती तिथे का आहे, हे तुम्हाला, तुमच्या शेजाऱ्याला आणि परमेश्वराला ठाऊक असेल.

प्रभू तुमच्या घरांना, तुमच्या शेजाऱ्यांना आणि तुमच्या नजरेला आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू